नामंजूर

इपोहची आमची विमा कचेरी बंद झाली
तेव्हा पंखे लिलावात गेले, खुर्च्या गेल्या,
आणि फायली यंत्रात घालून
त्यांच्या शेवया काढल्या.
एकतीस वर्षांच्या शेवया. सत्तावीस पोती.
कुणी नेली, मी विचारलं नाही.

चार महिन्यांनी, गाडीचा क्लच बदलताना
लोगेस्वरन म्हणाला, "मॅडम,
सोमवारी आमच्याबरोबर पळायला या."
मी म्हटलं, उभ्या जन्मात मी बसमागेसुद्धा पळाले नाही.
"पळायचं थोडंच. नंतर बिअर असते."
मी म्हटलं, बिअर मी पीत नाही.
"मग थोडं जास्त पळा," तो म्हणाला
आणि पुन्हा गाडीखाली सरकला.

कथिलाच्या जुन्या खाणीचं तळं.
काठावर चाळीसेक गाड्या चिखलात तिरक्या.
दातांचे डॉक्टर येओह, पँट मोज्यांत खोचलेले.
डुरियन विकणारी आह म्वी.
सारावाकचा जुगाह, पोटऱ्यांवर गोंदण, फौजेतून निवृत्त.
सगळ्यांना टोपणनावं; त्यातली निम्मी
आईसमोर उच्चारता येणार नाहीत.
नियम एवढाच: कागद टाकलाय, त्याच्या मागे जायचं.
सापडला की ओरडायचं.
संपला तरी ओरडायचं.

रबराच्या झाडांतून पांढऱ्या पट्ट्या,
चिकाच्या वाटीवर एक, नेच्याच्या पानावर दोन.
पहिल्या चढाला पायात गोळे,
दुसऱ्याला धाप,
तिसऱ्याला पुढे फक्त शिंगाचा आवाज.
जळू काढायला वाकले
तर हातात पट्टी आली: निळा शिक्का, अर्धाच.
तो मी झोपेतही ओळखीन.

पुढच्या झुडपावर माझ्या सहीचं शेपूट.
त्यापुढे "अर्जदाराने मुदतीत".
त्यापुढे "कळवण्यास खेद", मग नुसतंच "खेद".
कुणाचं तरी छप्पर, कुणाची लॉरी,
कुणाच्या उजव्या हाताचं मधलं बोट
ओल्या मातीत पसरलेलं, मुंग्या चढत होत्या.
मी वेचायला लागले.
कशासाठी, ते आजही सांगता येणार नाही.
खिसे भरले, मग टोपी भरली,
आणि मान वर केली तर
पुढे कागद नव्हता,
मागेही नव्हता.
वाट माझ्या खिशात होती.

चुनखडीचा डोंगर आधी निळा झाला, मग काळा.
किड्यांनी करवती लावल्या.
मी हळूच म्हटलं, "कागद संपला."
फॉर्म भरून द्यावा, तसं.
मग मोठ्याने.
मग असं ओरडले, की तो आवाज
माझ्या घशात इतकी वर्षं कुठे होता कोण जाणे.

जुगाहचा टॉर्च खालून आला.
म्हणाला, "आम्ही माणसं मोजत नाही, गाड्या मोजतो.
एक गाडी उरली, म्हणजे कुणीतरी आत आहे."
तळ्यावर सगळे तसेच, डास मारत,
बिअरची खोकी बर्फात, एकही उघडलेलं नाही.
उशीर का झाला, कुणी विचारलं नाही.
कारणाला रकानाच नव्हता.

मग खटला चालला.
वाट चोरल्याबद्दल मला
बर्फाच्या लादीवर बसवण्यात आलं.
झडती झाली. शिक्का वाचला गेला.
चाळीस जण हसले आणि माझं नाव ठरलं:
नामंजूर.
आह म्वीने एक पट्टी दिव्याशी धरली,
बराच वेळ धरली.
"माझ्या भावाचीही असेल यात," म्हणाली,
आणि पट्टी परत माझ्या टोपीत टाकून
ओला टॉवेल माझ्या मानेवर ठेवला.

बिअर कडू होती. अर्धी प्याले,
उरलेली लोगेस्वरनने संपवली आणि किल्ली मागितली,
मला घरी सोडायला.
येओह ओरडून सांगत होते,
अजून एकोणीस पोती आहेत माझ्या गॅरेजात,
पुढच्या सोमवारी वाट नामंजूर टाकेल.

सीट ओली झाली.
क्लच मात्र छान चालत होता.